कॉपी पकडायला टकोमापर्यंत

सिएटलच्या विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लगेच ओळखली. ती माझीच होती. सांगलीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो, पण मुलं मला ओळखतात ती परीक्षेच्या हॉलमधला माणूस म्हणून. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, कोणाला अचानक खोकला का आलाय, हे मला वासावरून कळतं असा माझा लौकिक आहे. निदान माझा तसा समज आहे.

"हे काय?" अधिकाऱ्याने मेतकुटाची पुडी वर धरली.

"पिवळी पावडर. भातावर घालतात," मी म्हणालो, आणि ते वाक्य कानावर पडल्यावर मला स्वतःलाच अटक करावीशी वाटली.

"अहो, सारखा घाम पुसू नका. त्याला आणखी संशय येईल," मागून बायको, शुभा, कुजबुजली. अधिकाऱ्याने पुडी हुंगली, शिंकला आणि आम्हाला सोडलं.

बाहेर माझी धाकटी बहीण मंजू उभी होती. ती बॉथेलला राहते. सॉफ्टवेअरमधली भरपूर पगाराची नोकरी सोडून ती आता टकोमाकडच्या एका कॉलेजात पॅसिफिका (प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या कुटुंबांतल्या) मुलांना गणितात मदत करते. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजात गेलेलं ते पहिलंच माणूस. ही मुलं मध्येच गळू नयेत म्हणून हा खटाटोप. पगार निम्म्याहून कमी. मला यातही काहीतरी काळंबेरं वाटत होतं.

बॉथेलच्या वाटेवर तिने मागच्या करड्या ढगांकडे हात केला. "दादा, तिथे रेनियर आहे. बर्फाचा केवढा तरी मोठा डोंगर. आज बाहेर आला नाही."

"डोंगर बाहेर येतो?"

"इथे असंच म्हणतात."

पुढचे कितीतरी दिवस तिथे नुसते ढग. मंजूकडे जेवायला आलेल्या पुण्या-नागपूरच्या मंडळींनीही डोंगराची ग्वाही दिली, मोबाइलवर फोटो दाखवले. फोटो काय, कुठलाही दाखवता येतो.

शनिवारी मंजू म्हणाली, "दादा, माझ्याबरोबर टकोमाला चल. तुझ्यासारख्याचं काम आहे." शुभाही निघाली. गाडीत मंजूने हकीकत सांगितली. सीना नावाची एक सामोअन मुलगी आहे. तिला नर्सिंगला जायचंय. स्टॅटिस्टिक्सच्या असाइनमेंटमध्ये तिची आणि तिच्या चुलत भावंडांची उत्तरं शेवटच्या ओळीपर्यंत सारखी निघाली.

"त्यांच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी समोर बसवून विचारलं, तर ही खाली मान घालून गप्प. सोमवारी परत तोंडी घेणार आहेत. तेव्हाही बोलली नाही तर शून्य मार्क, आणि नर्सिंगची अ‍ॅडमिशन कॅन्सल."

"मग केलीच आहे तिने कॉपी."

"तू भेट तरी तिला."

"मान खाली, तोंड बंद. हे मी सांगलीत बसूनही सांगितलं असतं."

टकोमाला चर्चच्या मागे एक लांबलचक हॉल होता. शिकवणी मुलांची, पण आया, मावश्या, तान्ही बाळं, सगळे हजर. "तालोफा" (नमस्कार) असं जो तो म्हणत होता. मला खुर्ची दिली गेली. तेवढ्यात केसांत फूल खोवलेली एक उंच मुलगी माझ्यासमोरून गेली, आणि गेली ती कमरेत वाकून, एक हात खाली सोडून, "तुलोउ" असं काहीतरी पुटपुटत. माझी नजर तत्काळ त्या हातावर. हात रिकामा होता. मी टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"ही सीना," मंजू म्हणाली. "बसलेल्या मोठ्या माणसांसमोरून जाताना वाकून माफी मागायची, अशी पद्धत आहे त्यांची. तू चिठ्ठी शोधतोयस का?"

"माझं पेन पडलं."

"पेन तुझ्या खिशाला आहे, दादा."

मग मला जे येतं ते मी केलं. सीना आणि तिच्या भावंडांना हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं आणि सशर्त संभाव्यतेचं (एक अट पाळणाऱ्यांपुरतीच शक्यता मोजायची, असं) एक गणित घातलं. "समजलं?" विचारलं, की "येस सर." पुन्हा विचारलं, पुन्हा "येस सर." कागद मात्र कोरे. मी मंजूला खुणेनेच सांगितलं: पडलं पितळ उघडं.

जेवणाला सीनाची मावशी मलिया हिने पालुसामी (पानांत नारळाचं दूध घालून वाफवलेला पदार्थ) वाढला. यात मांस नाही ना, हे मी इतक्यांदा विचारलं, की तिने शेवटी वाटीच माझ्या नाकाखाली धरली. शुभाने घास घेतला आणि थांबली.

"अहो, हे अळू आहे. आपलं अळू. चिंच तेवढी नाही."

"तुमच्याकडे हे पान कसं असेल?" मलियाने डोळे बारीक केले. "हे आमच्या बेटांवरचं." शुभाने घशाला खाज सुटते इथपर्यंत सगळी खूण पटवली, पण मलियाचा संशय काही फिटला नाही. मला ती बाई आवडली.

जेवणं झाली आणि माझ्या लक्षात आलं, की सीना आणि तिचा चुलत भाऊ तावीता गणिताचा कागद घेऊन स्वयंपाकघरात सटकलेत. आता रंगेहाथ. मी पाय न वाजवता गेलो आणि दाराआड उभा राहिलो.

"हॉलमध्ये खूप माणसं आहेत," सीना सांगत होती. आवाज खणखणीत. "तुला विचारलंय फक्त पालुसामी खाणाऱ्यांबद्दल. बाकीच्यांना घरी पाठव. उरले त्यांच्यात दुसऱ्यांदा घेणारे किती?"

"आणि मलिया मावशी?"

"ती वाढतेय. ती खात नाहीये. गेली घरी."

"उत्तर सांग ना, उशीर होतोय."

"नाही. तुला समजेपर्यंत मीपण पुढचं करणार नाही. आपलं तसंच ठरलंय ना?"

मी तिथेच उभा. उत्तरं सारखी का, ते मला कळलं. एकाला अडलं की सगळे थांबायचे, आणि सगळे मिळून पुढच्या ओळीवर जायचे. तेवढ्यात तावीताने दार ढकललं आणि ते माझ्या नाकावर बसलं.

सीनाने मान खाली घातली. "येस सर," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

मलिया बर्फ घेऊन धावली. "मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, शिक्षकांपुढे तोंड चालवायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला," ती माझ्या नाकाला बर्फ लावत म्हणाली. "आता सोमवारपुरतं विसर, असं सांगू?"

"नको," मी नाकातच बोललो. "तिने मॅडमना उत्तर द्यायचंच नाही. तावीताला शिकवायचं. मॅडमनी नुसतं ऐकायचं."

"मग मॅडमना तूच सांग," मंजूने फोन लावला. "मी सांगितलं तर म्हणतील, ही मुलांच्याच बाजूची. तुझ्यावर तसा आळ कोणी घेणार नाही."

"पाठ करून आली तर?" मॅडमचा पहिलाच प्रश्न. परदेशात आपल्या पंथाचं माणूस भेटल्याचा आनंद मला झाला.

"गणित तुम्ही आयत्या वेळी द्या," मी म्हणालो. "आणि तावीता कुठे चुकेल, हे कुणालाच पाठ करता येणार नाही. मी ऐकलंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "ठीक आहे. पण मला शंका आली तर मी थांबवीन."

सोमवारी आमचं परतीचं विमान होतं. आधी कॉलेजपाशी थांबलो. मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर मलिया बसली होती, मांडीवरची पिशवी घट्ट धरून. मी दारापाशी सरकलो.

"दादा, तिथे नको. परत लागेल," मंजू म्हणाली.

आतून काही ऐकू येईना. मलियाने डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं. आणि मग तो खणखणीत आवाज: "अरे, बाकीच्यांना घरी पाठव ना आधी."

दार उघडलं. मॅडम थकलेल्या दिसत होत्या. "हिचं झालं," त्या म्हणाल्या. "शून्य काढून टाकते. याला मात्र पुन्हा यावं लागेल."

"मग मीही येते," सीना जमिनीकडे पाहत म्हणाली.

"तुझं झालंय. तू घरी जा."

"येस मॅडम," सीना म्हणाली, आणि तिथेच बाकावर तावीताशेजारी बसून तिने पुस्तक उघडलं. त्या येसचा अर्थ मला एव्हाना कळू लागला होता.

विमानतळाच्या रस्त्याला मागे तेच ढग. "या खेपेला डोंगर काही दिसला नाही तुला," मंजू हळहळली.

"असू दे. आहे तो तिथे," मी म्हणालो. शुभाने चमकून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सांगलीत परतल्यावर मी बदललो वगैरे नाही. परीक्षेत बाह्या अजूनही बघतो. वर्गात मात्र "समजलं?" असं विचारणं सोडलंय. शेजारच्याला समजावून सांगा म्हणतो, आणि बाहेर जाऊन दाराआड उभा राहतो. नाक जपून.