पट्टीने आखलेला देश

साठ साली जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या आमच्या हॉस्टेलात एका देशाचा जन्म झाला. शिवणकाम मी केलं. माझा शेजारी आफ्रिकेतला, माझ्यासारखाच इंजिनिअरिंग शिकणारा. येत्या शनिवारी त्याचा देश स्वतंत्र होणार होता, आणि त्या सकाळी हॉस्टेलसमोरच्या खांबावर आपला झेंडा चढलेला बघायचाच, असा त्याने ध्यास घेतला होता. गावात त्या देशाचा माणूस म्हणजे तो एकटा. पंतप्रधान, सैन्य, जनता, सगळं तोच. झेंड्याचा हिरवा पट्टा खोलीच्या पडद्याचा, लाल त्याच्या टॉवेलचा आणि पिवळा माझ्या सोवळ्याचा. संध्येसाठी आईने दिलेलं ते सोवळं इथे आल्यापासून ट्रंकेतच होतं. एकदाचं सत्कारणी लागलं.

अडलं ते हाउसमाइस्टरपाशी. हॉस्टेलची देखभाल आणि खांबाची दोरी, दोन्ही त्या म्हाताऱ्याच्या ताब्यात. त्याचा नियम असा, की ॲटलासात असेल त्याच देशाचा झेंडा चढणार. आणि ॲटलास युद्धाच्या आधीचा! आफ्रिकेच्या पानावर नुसते इंग्रज आणि फ्रेंच सांडलेले.

"अहो, शिळा झाला हा नकाशा," मी चिडून म्हणालो. "नवा आणा. माझा महाराष्ट्रसुद्धा मे महिन्यात झालाय, तो कुठे आहे यात?"

"गेनाऊ," तो म्हणाला. "अगदी बरोबर. तोही नाही."

मी हात टेकले. मित्राने मात्र शांतपणे ड्रॉइंगची पट्टी ठेवली आणि आफ्रिकेवर पेन्सिलने सरळ रेघ ओढली.

"अरे, असा कुठे देश होतो?" मी म्हणालो.

"आमचा असाच झाला. तेव्हा पट्टी साहेबाची होती, आज माझी आहे."

म्हातारा चक्क हसला. "या," म्हणाला. मी मराठी कानांनी ऐकून त्याच्याजवळ जायला निघालोच होतो. मित्राने बाही ओढून थांबवलं. जर्मनमध्ये तो 'हो' म्हणाला होता.

मित्राला आता चेव आला. पानं उलटत तो जर्मनीवर पोचला. "थांबा, हेही दुरुस्त करून देतो."

म्हाताऱ्याने झटकन पूर्वेच्या टोकावर तळवा ठेवला. त्याखाली त्याचं गाव होतं. युद्धानंतर ते पोलंडात गेलं आणि तो इकडे आला.

"इथे पेन्सिल नको," तो म्हणाला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. नव्या ॲटलासाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

शनिवारी दोरी म्हाताऱ्यानेच ओढली. माझं सोवळं वाऱ्यावर फडफडलं, आणि कोणी न सांगता त्याने टोपी काढली.