बदलीचा माणूस येईस्तोवर

माझ्या घरी टीव्हीखाली एक पांढरा डबा आहे. त्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. त्या एका डब्यातून टीव्ही येतो, इंटरनेट येतं आणि फोन येतो. मला पाहिजे फक्त फोन. पण तो एकटा मिळत नाही. आधी तांब्याची तार होती, तेव्हा मिळायचा. रस्ता रुंद करताना ती तार तुटली आणि पुन्हा कोणी जोडली नाही. आता काचेची तार आहे, आणि तिच्यासोबत तिन्हींचं बिल.

ब्रह्मपुरीच्या ऑफिसात मी भांडून पाहिलं. तिथला पोरगा म्हणाला, "बाबा, नेट तं फुकटच समजा."

"फुकट आहे तं काढून घे ना. तेवढे पैसे कमी कर."

"तसं नाई होत."

"काऊन नाई होत? वांगे घ्याले गेलो तं बाजारातली बाई म्हणते का, कोहळाबी घ्या नाईतं वांगे भेटत नाई?"

मागे उभे असलेले लोक हसले. मला हसू आलं नाही. माझ्या पेन्शनीचा पाचवा हिस्सा त्या डब्यात जातो. डब्याचा दर वाढत राहतो, पेन्शन जिथल्या तिथं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. अख्खी उमर ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात गेली, कोळशाच्या बेल्टवर. आमच्याकडे एक नियम होता. पाळी संपली तरी बदलीचा माणूस येईस्तोवर जागा सोडायची नाही. तो नाही आला तर दुसरी पाळीही आपणच करायची. मी कितीदा केली, पण बेल्ट सोडून गेलो असं माझ्याबद्दल कोणी म्हणू शकत नाही.

निवृत्त झालो तसे आमच्या पाळीतले गडी आपापल्या गावी पांगले. जाताना एक ठरलं. कोणी गेला की घरच्यांनी एकाला फोन करायचा, त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. कोळसा एका बेल्टवरून दुसऱ्यावर पडतो तसा निरोप. आणि निरोप मिळाला की मयतीला जायचं, कारण सांगायचं नाही. मला चिमूरचा गडी फोन करायचा, मी वडशाच्या गड्याला. चिमूरवाला "जयभीम" म्हणायचा आणि गप्प राहायचा. तेवढ्यावरून समजायचं. मग मी एवढंच विचारायचो, "कोण?"

माझी बायको गेली तेव्हा मी एकच फोन केला होता. संध्याकाळपर्यंत सगळे गडी माझ्या अंगणात उभे होते. माझ्या वेळीही तसंच व्हावं, एवढ्यासाठी मी तो डबा पोसतो. बायको होती तोवर टीव्हीचंही वसूल व्हायचं. गुडघ्यांमुळे वडशाच्या मंडपात जाणं सुटलं, मग झाडीपट्टीची नाटकं ती त्याच डब्यावर पाहायची. आता टीव्हीवर चादर टाकून ठेवली आहे.

पोरगा पुण्याला असतो. म्हणतो, "बाबा, ते काढून टाका, मी मोबाइल पाठवतो. नाईतं बिल तरी मी भरतो." मोबाइलची रेंज आमच्याकडे चिंचेखाली येते. निरोप काय मी चिंचेखाली उभा असतानाच येणार आहे? आणि पोराकडून मी आजवर एक रुपया घेतला नाही, घेणारही नाही.

यंदा आम्ही तिघंच उरलो होतो. त्यातला चिमूरवाला गेला. त्याच्या सुनेनं फोन केला. मी लगेच वडशाला लावला. तिकडून बाईचा आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा लावला, पुन्हा तीच. चिमूरला मयतीत आमच्या पाळीतला मी एकटाच होतो.

आठेक दिवसांनी काळी-पिवळी जीपमध्ये बसून वडशाला गेलो. तोही गेला असेल, हे मनात धरूनच गेलो. तर हा गडी ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होता.

"मेला नाई तू?" मी म्हटलं.

"तुह्या आधी काऊन मरू?" आवाजावरून त्यानं ओळखलं. डोळे गेले होते त्याचे.

"फोन कुठी गेला तुहा?"

"काटला. टीव्ही मले दिसत नाई. नेट कायले पाहिजे? एका फोनापायी तिन्हीचे पैसे कोण भरन?"

"मले सांगाचं तरी."

"कायनं सांगू बे? फोनच काटला ना."

दोघं हसलो. मग मी चिमूरचं सांगितलं. त्यानं चाचपत बशी खाली ठेवली.

"तू गेलता मयतीले?"

"गेलतो."

"अन् मी नाई. त्याच्या घरचे काय म्हणले असतीन?"

मी म्हटलं, "पुन्हा घे फोन. अर्धे पैसे मी देतो."

"तुह्या पैशानं फोन ठेवू? तशी पाळी नाई आली माह्यावर."

मीही हेच म्हटलं असतं, म्हणून पुढे बोललो नाही. उठलो तेव्हा त्यानं विचारलं, "तुहा तं चालू आहे ना?"

"आहे."

"मंग राहू दे. मी गेलो तं सून शेजाऱ्याच्या मोबाइलवरून लावन. येशीन ना?"

"येईन."

माझ्या वेळी कोण कोणाला लावेल, हे त्यानं विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

त्या महिन्यात डबा परत करायचं माझ्या मनात आलं होतं. परतताना ब्रह्मपुरीला उतरलो आणि बिल भरलं. तोच पोरगा होता. कॉम्प्युटरात पाहून म्हणाला, "बाबा, तुमी तं नेट वापरतच नाई. फोनबी कधीमधीच. बंद काऊन नाई करत?"

"बदलीचा माणूस नाई आला अजून."

"कोण?"

"पावती दे."

घरी आलो तर लाइट गेलेली. डब्याचे दिवे विझलेले. तांब्याच्या तारेचा फोन लाइट नसली तरी वाजायचा, हा वाजत नाही. मी खुर्ची ओढली आणि लाइट येईस्तोवर त्याच्यापाशीच बसून राहिलो.