खिडकीच्या दोन्ही बाजूंना

केदारखेड्याजवळच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर असताना औषधाच्या खिडकीत एक वयस्कर कंपाउंडर बसत. जुन्या कंबरदुखीला मी अफूच्या जातीची गोळी लिहिली, की ते दहाच्या तीन करायला लावत. "साहेब, दुखणं जाईन, पण गोळी जायची न्हाई," म्हणत. मग रोग्याला विचारत, "दारू पेता का? गोळ्या घरी कोण सांभाळीन?"

एकदा त्यांचीच कंबर धरली. साध्या गोळ्यांनी महिनाभर फरक पडेना, म्हणून मी त्याच गोळीची चिठ्ठी दिली. ते वाकत बाहेर गेले आणि रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी रिकाम्या खिडकीला चिठ्ठी दाखवली, आत येऊन दारूचं विचारलं, आणि परत बाहेर जाऊन "न्हाई" म्हणाले. रांगेत कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते बाहेरच थांबून राहिले. घरी ते एकटेच होते. शेवटी तीन गोळ्या घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"तुम्हीच ठेवा, साहेब. एक मागितली तर द्या. दोन मागितल्या तर बिलकुल हाकला मला."

मी गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, मग कंबर धरून घरी गेले.