न तापणारी जीप

आमच्या घरी जीप आली ती आईच्या माहेरातून. सिल्लोडचे मामा मक्याचा आणि कापसाचा व्यापार करायचे. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी डिझेल जीप अण्णांना दिली. देताना बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "दाजी, एकच सांगतो. ही गाडी तापत नाय. घाट चढा, पोती टाका, काटा जागचा हलायचा नाय."

अण्णा खूश झाले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले हताश मालक आम्ही चिक्कार पाहिले होते. न तापणारी गाडी म्हणजे न चिडणारा जावई.

आईनं होकार दिला तो मात्र वेगळ्या कारणानं. जीपमध्ये हीटर होता. आम्ही राहायचो शहरात आणि शेत फुलंब्रीला, त्यामुळं थंडीतही रविवारी सकाळी सकाळी तिकडं निघावं लागे. आईचे पाय हिवाळाभर गार असत. पहिल्याच रविवारी तिनं चपला काढून पाय हीटरपुढं ठेवले. फुलंब्री आली तरी हीटरमधून विहिरीवरचा वारा आल्यासारखी गार झुळूकच येत होती.

"अहो, हे काय आहे?"

"इंजिन थंड डोक्याचं आहे," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"मग मी माझे पाय तुमच्या डोक्यावर ठेवते. तेवढं तरी गरम असतं."

हळूहळू माझ्याही लक्षात यायला लागलं. सकाळी जीप पांढरा धूर सोडत खोकायची, डिझेल जास्त प्यायची, आणि कितीही चालवली तरी तापमानाचा काटा तळाशी लोळत पडलेला. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. इंजिनाला ठरावीक गरमी लागते, नाहीतर डिझेल नीट जळत नाही, हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पोरींना शिकव. जीपला नको."

तरीही आम्ही गॅरेजला गेलो. तिथले मिस्त्री तक्रार ऐकून हसायलाच लागले. "साब, लोगां गाडी गरम होती बोलके रोते. आप ठंडी है बोलके आ रहे?" पण माणूस भला होता. काटाच बिघडला असेल म्हणून त्यांनी त्याचा सेन्सर बदलला. नव्या सेन्सरनंही काटा तिथंच झोपला.

पुढच्या रविवारी मी रेडिएटरच्या अर्ध्या भागापुढं पुठ्ठा बांधला. थंडीत ट्रकवाले पोतं बांधतात, तसा. फुलंब्री येईपर्यंत काटा जरासा उठला आणि हीटर कोमट झाला. म्हणजे काटा खरं बोलत होता आणि इंजिन खरोखरच गार पडत होतं. आई म्हणाली, "आता अख्ख्या जीपला गोधडी शिवते."

पुढचा शोध तिनंच लावला. शेतावरून परत निघताना अण्णांनी जीप चालू केली आणि काहीतरी बघायला बॉनेट उघडलं. आई हात शेकायला पुढं झाली.

"पंखा फिरतोय! पदर खोच आधी!" अण्णा ओरडले.

तिनं पदर खोचला आणि रेडिएटरकडं जाणारा वरचा रबरी पाइप धरला. "आत्ता तर चालू केली, आणि हा कोमट व्हायला लागला पण? गरम मात्र होत नाय मेला."

मी चमकले. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडं जाऊच देत नाही. तेव्हा हा पाइप सुरुवातीला गारच राहायला हवा. खात्री करायला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शेजाऱ्यांच्या जीपचा पाइप आळीपाळीनं धरून उभे राहिलो. शेजारी ब्रश तोंडात धरून बघत होते. पाइप बराच वेळ गार राहिला आणि मग एकदम असा तापला की अण्णांनी हात झटकला.

"आपली झडप उघडीच अडकलीय," मी म्हणाले.

मिस्त्रींनी झडपेचं झाकण खोललं, आत बोट घातलं, मग मान घातली. "अंदर तो कुछ हैच नहीं, साब."

अण्णांनी तिथूनच मामांना फोन लावला. मामांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"ती झडप व्हय? काढून टाकली ना मी! उन्हाळ्यात लई तापायची गाडी."

"तुम्ही तर म्हणालात, तापत नाय!"

"काढल्यापासून कुठं तापली, दाजी?"

आईनं फोन घेतला आणि भावाशी जे बोलली ते ऐकून मिस्त्री पान्हे आवरायला लागले.

नवी झडप आणली ती आधी घरी. बसवण्याआधी तपासू, असं मी म्हणाले. आईनं कुरकुरत एक जुनं पातेलं दिलं. पाण्यात झडप दोऱ्यानं टांगली आणि गॅस पेटवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाणी उकळायच्या बेताला आलं तशी झडप हळूच उघडली. "उघडली गं!" आई टाळी वाजवून म्हणाली. बाहेर काढून गार केली, तशी मिटलीही.

झडप बसवल्यावर पहिल्या रविवारी निघालो. काटा उठला, चढला आणि मधोमध येऊन थांबला. तो तिथंच असायला हवा होता, पण अण्णांनी त्याला एवढ्या उंचीवर कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी घाईनं जीप कडेला घेतली.

"तापली! उतरा सगळे!"

"कोण उतरतंय?" आई म्हणाली. तिचे पाय हीटरपुढं होते आणि डोळे मिटलेले. "चालवा मुकाट्यानं."

शेतावर पोचल्यावरही ती उतरली नाही. अण्णा एकटेच बांधावरून फिरून आले. येताना शेजारच्या रानातून भाजलेला हुरडा आणला, गरमागरम, टॉवेलात बांधून. आईनं काचा वर करायला लावल्या. इंजिन चालू ठेवून त्या उबदार जीपमध्ये बसून आम्ही हुरडा खाल्ला. सीटवर, चपलांवर, सगळीकडं कोंडा झाला. अण्णा एक डोळा काट्यावर ठेवून खात होते.