दोन भोकं पुढे

माझ्या मुलीच्या मानेमागचा पट्टा मी दोन भोकं जास्त आवळला, आणि दातांच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं तेव्हा दोष तिच्या माथी मारला. मूर्खपणा एवढाच. पुढचं सगळं लिहितो आहे ते हा मूर्खपणा मी किती मन लावून केला, हे सांगण्यासाठी.

मुलीचे वरचे दात पुढे आहेत, ते माझ्याकडून आलेत. मला शाळेत ‘खोबऱ्याची किसणी’ म्हणायचे. मिसरूड फुटल्याबरोबर मी मिशी राखली, आणि गेली पंचवीस वर्षं ती खाली खाली येऊ देत किसणी झाकून ठेवली आहे. मुलीला ती सोय नाही. ती हसताना तोंडावर हात धरायची. सातवीत गेली तशी तो हात हसण्याच्या आधीच वर जायला लागला, आणि मग हसणंच कमी झालं. तेव्हा बायको म्हणाली, “मिशीवाल्यांनी आता पोरीला दवाखान्यात न्यावं.”

सात रस्ता चौकाजवळ दवाखाना होता. मॅडमनी मुलीच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा काढला आणि टेबलावर ठेवून समजावलं. वरचे दोन्ही सुळे हिरडीत अडकलेत, कारण खाली उतरायला जागाच नाही. वरच्या मोठ्या दाढा खालच्या दाढांपेक्षा अर्धा दात पुढे बसल्यात, म्हणून चावा जुळत नाही.

“दोन उपाय आहेत,” मॅडम म्हणाल्या. “एक, सुळ्यांमागच्या दोन चांगल्या उपदाढा काढून जागा करायची. दुसरा, मोठ्या दाढाच मागे सरकवायच्या. मोठ्या माणसांना त्यासाठी हाडात बारीक स्क्रू बसवून ओढावं लागतं. हिचं वय लहान आहे, मानेमागच्या पट्ट्याने काम होईल. जागा झाली की सुळे उतरतील. शेवटी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावून चावा जुळवू.”

“चांगले दात काढायचे नाहीत,” मुलगी म्हणाली. त्या दिवशी ती बोलली ते एवढंच.

मला सगळं झटक्यात समजलं. म्हणजे समजलं असं वाटलं. मी मॅडमना म्हणालो, “एसटीत कंडक्टर ओरडतो तसंच की हे! मागं सरका, मागं लई जागा हाय!”

मॅडम हसल्या. “हो, पण हे प्रवासी धक्का मारून सरकत नाहीत. हळू आणि सारखा जोर लागला, की दातामागचं हाड विरघळतं, पुढच्या बाजूला नवं भरतं. दात आपली वाट आपण करतो.”

मी मान हलवली. त्या बोलण्यातला ‘हळू’ माझ्या कानाशी आला आणि तसाच परत गेला.

दाढांना कड्या बसवल्या. त्या कड्यांत तारेची एक कमान अडकवायची. कमानीची दोन टोकं गालांच्या बाहेर येणार, आणि त्यांना मानेमागून येणारा ताणाचा पट्टा. पट्ट्याला दोन्ही बाजूंना भोकं, चामड्याच्या पट्ट्याला असतात तशी. मॅडमनी एका छोट्या स्प्रिंगच्या काट्याने जोर मोजला, तिसऱ्या भोकाजवळ पेनने ठिपका दिला, आणि म्हणाल्या, “हेच भोक. घरी आल्यापासून सकाळपर्यंत घालायचा. वर्षभर धीर धरा.” किती तास घातला ते लिहायला एक कागद दिला.

आता माझा धंदा सांगायला हवा, कारण खरी गोम तिथे आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम, म्हणजे माग, अडला की चालू करायचा, ताण्याला ताण लावून द्यायचा, हे माझं काम. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. त्यांच्यावर तळहात ठेवला की ढिले आहेत की कडक, ते मला कळतं. काटा लागत नाही, ठिपका लागत नाही. असा माणूस घरात असला की पोरीचं नशीब खोटंच.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग मंगळवेढ्याहून माझी थोरली बहीण अक्का आली, तिच्या मुलाचं लग्न ठरल्याचं सांगायला. मुलगी पट्टा लावून अभ्यासाला बसली होती.

“आगं बया! पोरीच्या तोंडाला लगाम घातलाय व्हय?”

“अक्का, इलाज आहे तो.”

“निगनार कदी?”

“तुझ्या लग्नघरी येईल तेव्हा दात आत गेलेले असतील बघ.”

लग्न चार महिन्यांवर होतं. मॅडमनी वर्ष सांगितलं होतं. हे आठ महिने मी कुठून कमी केले, मला विचारू नका. तोंडातून निघून गेलं.

“बग हं,” अक्का म्हणाली, “न्हायतर फोटूत घोडीवानी दिसंल.”

मुलगी वही घेऊन आत गेली. मी हसलो. हेही लिहून ठेवतो, मी हसलो होतो.

अक्काची एसटी गेल्यावर मी मुलीला जवळ बोलावलं, मानेमागच्या पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणालो, “ढिला आहे.”

“मॅडमनी ठिपका दिलाय, पप्पा.”

“मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत. ताणातलं मला कळतं.”

आणि मी पट्टा तिसऱ्या भोकावरून पाचव्यावर नेला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली दुखतंय. मी म्हणालो, “ताण बसल्याशिवाय कापड होत नाही.” हे वाक्य मला इतकं आवडलं, की आठवड्याभरात मी ते तीनदा वापरलं. ती कडक भाकरी चुरून दुधात भिजवून खायला लागली. मग भाकरी सोडून नुसता भात. बायको म्हणाली, “जरा सैल करा की.” मी म्हणालो, “लग्न झाल्यावर करू.” पोरीने मात्र पट्टा एक दिवस चुकवला नाही. कागदावर तेरा तास, चौदा तास, एका रविवारी सोळा. तिला वाटत होतं, दुखतंय म्हणजे सरकतंय. असं तिला कोणी सांगितलं असेल, ते कळलंच असेल.

दीड महिन्याने दवाखान्यात दाखवायचं होतं. त्या सकाळी मी पट्टा मुकाट्याने पुन्हा तिसऱ्या भोकावर आणला. चोराला आपलं पाऊल पुसायचं बरोबर सुचतं.

मॅडमनी तपासलं. पुन्हा तपासलं. नवा साचा काढला, जुन्याच्या शेजारी ठेवला. “दाढा सरकलेल्या नाहीत. नुसत्या कलंडल्यात, आणि हलतायत. हे असं का झालं?” मग कागद पाहिला. “इतके तास सारखा घातला असतास तर दाढा सरकल्या असत्या. कधी घातला, कधी काढला, की त्या अशा नुसत्या हलत राहतात. खरं सांग, कागद घरी बसून भरलास का?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणालो, “मुलं आहेत हो मॅडम, टाळाटाळ करतात. आम्ही किती मागे लागणार?”

म्हणताना मी वर हसलो सुद्धा, दोन मोठी माणसं मुलांबद्दल बोलताना हसतात तसा.

मॅडमनी सुस्कारा टाकला. “मग ह्या उपायात अर्थ नाही. दहा दिवसांनी या, उपदाढा काढायची चिठ्ठी देते.”

मुलगी रडली नाही. खुर्चीतून उतरली, पट्टा डबीत ठेवला, डबी दप्तरात ठेवली. स्कूटरवर मागे बसताना रोज ती माझ्या खांद्याला धरायची. त्या दिवशी मागची लोखंडी दांडी धरून बसली. मला तिचा हात खांद्यावर नाही हे घर येईपर्यंत कळत होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या शाळेवरून जात होतो, शाळा सुटत होती. फाटकातून मुली बाहेर पडत होत्या आणि त्यांत आमची, तोंडात तार, मानेवर पट्टा. घराबाहेर जो पट्टा ती शेजारणीला दिसू द्यायची नाही, तो भर शाळेत. मागून कोणीतरी “ए अँटेना” म्हणालं. ती वळली नाही. तोंडावर हात पण नव्हता.

घरी बायकोने मला विचारलं, “शाळेत घालायला मॅडमनी सांगितलंच नव्हतं. ही म्हणते, सगळ्यांनी बघायला पाहिजे मी घालते ते. असं का म्हणते ही?”

“मला काय माहीत,” मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं, वाट मळलेली असते.

पण त्यानंतर जेवण नीट जाईना. कारखान्यात लूमजवळ उभा राहिलो, ताण्यावर हात ठेवला, की काही कळेना. ढिला की कडक? आपलाच हात परक्याचा वाटायला लागला. स्वतःला पुष्कळ समजावलं. दोनच तर दात. नाहीतरी लोक काढतात. तोंड चांगलंच दिसेल. असं मनाशी बोलताना मी मिशीवरून हात फिरवत होतो.

दहाव्या दिवशी गेलो. मुलगी खुर्चीत बसली. मॅडमनी पेन काढलं, चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. त्यांचं पेन पुढच्या ओळीवर आलं आणि मी म्हणालो, “मॅडम, पट्टा पाचव्या भोकावर होता.”

“कधी?”

“मागच्या वेळी आलो त्याच्या आधी. दीड महिना.”

“कोणी केला?”

शपथेवर सांगतो, एवढ्यावर येऊनसुद्धा माझ्या जिभेवर ‘चुकून’ हा शब्द तयार बसला होता. तो गिळायला त्रास झाला.

“मी. आणि इथे यायच्या सकाळी मीच तिसऱ्यावर आणला. हिने रोज घातला होता. कागद खरा आहे.”

मॅडमनी डबीतून पट्टा घेतला, खिडकीकडे धरला. पाचवं भोक ताणून लांबट झालं होतं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं.

“जास्त ओढलं, की दातामागच्या हाडाचं रक्तच दाबलं जातं. मग ते विरघळत नाही. दात जागच्या जागी अडून बसतो. दुखतो, नुसता कलंडतो, पण मागे सरकत नाही.” मग मला विचारलं, “तुम्ही काम काय करता?”

“लूमवर जॉबर आहे.”

“म्हणजे?”

“ताण्याला ताण लावून देतो.”

“ताणा जास्त ओढला तर?”

“तुटतो.”

“तुम्हाला कोणी शिकवलं हे?”

“शिकवायचं काय त्यात. मीच नव्या माणसांना शिकवतो.”

मॅडमनी पट्टा डबीत परत ठेवला. मला दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “सॉरी हं. मी तुला खोटं ठरवलं.”

बघा, माफी पहिल्यांदा त्यांनी मागितली. मी त्यांच्या पाठोपाठ काहीतरी पुटपुटलो, पण शाळेत दुसऱ्याची वही बघून उत्तर लिहावं तसं ते झालं. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

ठरलं ते असं: सहा आठवडे पट्टा बंद, दाढांना विश्रांती. हलणं थांबलं, कलंडलेल्या दाढा सरळ उभ्या राहिल्या, तर पुन्हा सुरुवात. नाही राहिल्या, तर उपदाढा काढाव्याच लागतील. मॅडमनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी फाडली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. मुलीने तो ड्रॉवर बंद होईपर्यंत पाहिला.

“आणि यापुढे पट्टा तू लावायचा,” मॅडम तिला म्हणाल्या. “दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

तिने मान हलवली.

मी उठलो. मॅडमना बहुतेक माझी दया आली असावी. माझ्या तोंडाकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, “तुमचेही दात पुढेच दिसतायत. मोठेपणीही मागे घेता येतात. वेळ लागतो. बघायचं का एकदा?”

माझा हात आपोआप तोंडावर गेला. अगदी मुलीचा जायचा तसा.

आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मुलगी माझ्यासमोर बोलली. माझ्याशी नाही, मॅडमशी.

“यांचे दात असू द्या, मॅडम. जीभ मागं घ्यायचा पट्टा असला तर तो द्या. भोक मी ठरवते.”