जावई ओरडला ती फळी

माझा जावई फार सज्जन माणूस आहे. हे मी कौतुक म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगते. सज्जन माणसाला काय हवंय ते कधी कळत नाही. "आई, तुम्ही म्हणाल तसं," एवढ्या एका वाक्यावर त्याने माझ्यासमोर इतकी वर्षं काढली. भात मऊ झाला तरी छान, फडफडीत झाला तरी छान. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा कुळथाचं पिठलं केलं होतं, तेही छान. तेव्हापासून मी गावाहून रियाधला येताना दर खेपेला त्याच्यासाठी कुळथाचं पीठ आणते. वजन जास्त भरलं तर माझ्या साड्या काढते, पीठ नाही.

मुलगी इथे सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. जावई दुसऱ्या एका हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी बाकीची माणसं मॉलमध्ये जातात, हा अडगळीच्या खोलीत बसून गिटार बनवतो. "दुकानात मिळत नाही का?" असं मी विचारलं होतं. तो नुसता हसला. नात बारावी झाली की पुण्याला कॉलेजात जाणार, तेव्हा तिच्या हातात आपण केलेली गिटार द्यायची, असं त्याने ठरवलेलं. पाठ झाली, बाजू झाल्या, मान झाली. पण नातीचं तिकीट निघालं तरी गिटारीला तोंड नव्हतं.

तोंड म्हणजे तारांखालची पुढची फळी. ती स्प्रूस नावाच्या झाडाची लागते. थंड मुलखातलं झाड, आपल्या देवदाराच्या नात्यातलं. सगळा आवाज म्हणे त्या फळीतून निघतो, बाकीचं लाकूड नुसतं धरून बसायला. म्हणजे आमच्या घरात ती फळी मी. जावयाने परदेशातून फळ्या मागवल्या होत्या. एकीत गाठ निघाली. दुसरी इथल्या कोरड्या हवेत आठवडाभरात तडकली. मग त्या खोलीत हवा ओली ठेवायचं यंत्र आलं. माझ्या टाचा कधीपासून तडकल्यात, त्यांच्यासाठी नाही आलं.

अशात त्याला कळलं की इथल्या अल मलाझ भागातला एक ऊद बनवणारा दुकान बंद करून कायमचा मायदेशी निघालाय. ऊद म्हणजे अर्धा भोपळा कापून त्याला आखूड मान लावावी तसं अरबी वाद्य. त्याचंही तोंड स्प्रूसचंच असतं. म्हाताऱ्याकडे वर्षानुवर्षं सुकलेल्या थोड्या फळ्या शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान. दुकानातलं उरलंसुरलं संध्याकाळी अल सुलैचा एक फर्निचरवाला ट्रकमध्ये घालून नेणार होता, कपाटांना मागून ठोकायला.

त्या दिवशी माझे गुडघे डॉक्टरला दाखवायचे होते. परत येताना जावई म्हणाला, "आई, पाच मिनिटं एका दुकानात जाऊ या का? तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणाले, चला.

दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. भिंतींवर नुसते खिळे. एक लांब बाक, एक खुर्ची आणि खोक्यांना दोरी बांधणारा म्हातारा. त्याने मला पाहून खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बैठो, हज्जा." इथे म्हाताऱ्या बाईला मानाने हज्जा, म्हणजे हज करून आलेली, म्हणतात. मी पंढरपूरलासुद्धा एकदाच गेले आहे, पण खुर्ची मिळत असेल तर मी वाद घालत नाही.

म्हाताऱ्याने तीन जोड्या बाकावर मांडल्या. एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडायची म्हणजे दोन्हीकडच्या रेषा सारख्या येतात, म्हणून जोडी. आणि जावई सुरू झाला. फळी कोपऱ्यात दोन बोटांत धरायची, कानाशी न्यायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करायची. मग वाकवून बघायची. मग उजेडासमोर धरायची. मग खाली ठेवून पुढची. मग परत पहिली.

"आई, हिच्या रेषा किती जवळजवळ आहेत बघा. पण हा तपकिरी पट्टा आहे. ही दुसरी पांढरीशुभ्र आहे, पण जरा मऊ वाटते. आणि ही तिसरी..."

"तिसरीचं काय?"

"तिसरीपण चांगली आहे."

"मग घ्या ती."

"तुम्ही म्हणाल तसं. पण पहिलीचा आवाज ऐका ना."

मी ऐकला. मला डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं आणि उजव्याने त्याहून कमी. तिन्ही फळ्या मला न्हाणीघराचं दार वाजवल्यासारख्या वाटल्या. तसं सांगितलं. जावई म्हणाला, "बरोबर आहे आई," आणि परत टकटक.

म्हातारा मधूनमधून येऊन उभा राहायचा. शेवटी तो आपल्या हिंदीत म्हणाला, "मुहंदिस, ये लकडी है. बीवी नहीं. बीवी भी आदमी इससे जल्दी पसंद करता है."

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. इंजिनियर नुसता हसला. मला म्हणाला, "आई, रिकाम्या हाताने गेलो तर पोरीला काय देऊ?" पण उचलली एकही नाही. बाहेर ट्रक येऊन उभा राहिला. फर्निचरवाल्याचे गडी आत आले आणि कपाट हलवू लागले.

म्हाताऱ्याने मला पुदिन्याचा काळा चहा दिला, कान नसलेल्या काचेच्या पेल्यात. धरवेना इतका गरम. ठेवायला जागा बाकावरच, आणि बाकभर फळ्या. मी पेला पहिल्या जोडीवर टेकवला. जावयाने पाहिलं. "ठेवा आई, ठेवा." ओला गोल उमटला. मी एक घोट घेतला आणि पेला दुसरीवर ठेवला. जावयाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण तोंडाने तेच, "असू द्या, आई." मी पुन्हा घोट घेतला. आता तिसरी जवळ होती. तिच्यावर पेला टेकणार, एवढ्यात—

"अहो, काय करताय! उचला! उचला तो पेला! अक्कल आहे की नाही?"

दुकानात सगळं थांबलं. कपाट उचललेले गडी कपाटासकट थांबले. जावयाने ती जोडी माझ्या हाताखालून ओढून छातीशी धरली होती. अर्धा चहा माझ्या साडीवर. एवढा आवाज त्या माणसात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या उजव्या कानालासुद्धा ऐकू आला.

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती. गरजही पडली नाही. त्याने जुना कागद घेतला, जावयाच्या हातातून हळूच जोडी सोडवली आणि गुंडाळायला लागला. "खलास," तो म्हणाला, "ये वाला." मग पहिल्या दोन जोड्यांवरचे चहाचे गोल त्याने बाहीने पुसले आणि मला सांगितलं की रंध्याचा हात फिरला की डाग जातात, काळजी नको. मी काळजी करत नव्हते.

गाडीत जावई सिग्नलला थांबला की हात जोडायचा. "आई, मी असं बोलायला नको होतं. माझं मला कळलं नाही."

"हात चाकावर ठेवा."

"तुम्हाला भाजलं का?"

"गुडघ्यावर सांडला. शेक बसला. चला."

घरी मुलीला कळलं तेव्हा ती त्याच्यावर चिडली. आत जाऊन हसली ते मला दिसलं. नात म्हणाली, "पापा शाउटेड? ॲट आजी?" आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा मान देऊन बघितलं.

फळी तडकली नाही. गिटार वेळेत झाली. नातीने ती जायच्या आधी वाजवून दाखवली, मी डावा कान पुढे करून ऐकली. न्हाणीघराच्या दारापेक्षा बरी होती, बरीच बरी.

ती पुण्याला गेली त्या रात्री मी पिठलं-भात वाढला. जावयाने एक घास घेतला, ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, खरं सांगू? मला कुळथाचं पिठलं आवडत नाही."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

मी डोळ्यांसमोर आणल्या त्या सगळ्या साड्या, ज्या बॅगेतून काढून ठेवल्या होत्या. पुढच्या खेपेला पीठ येणार नाही असं त्याला सांगितलं. पण डब्यात आहे ते संपेपर्यंत खावं लागेल, हेही सांगितलं.

"नाही खाणार," तो म्हणाला, आणि उठून स्वतःसाठी अंडं तळायला गेला.