चकरी दोन हातांनी मिटावी

माधवीला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं अर्धं माहीत आहे. आणि जे माहीत आहे ते खोटं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — भावाजवळ नाही, मित्राजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण काही फार चांगलं नाही, पण खरं आहे.

आधी थोडं रिव्हॉल्व्हरबद्दल बोलू द्या. टाळाटाळ करतोय असं वाटेल — थोडी करतोयही — पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मूळचा खडकीचा. फिटरचं काम शिकलो आणि नव्वदच्या सुरुवातीला दुबईत आलो. जबल अलीच्या बाजूला एक शूटिंग क्लब होता. तिथे मी आर्मरर, म्हणजे बंदुका तपासणारा, दुरुस्त करणारा माणूस. दुबईतल्या करामा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, माधवी, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, काय करता, की मी "मेंटेनन्स" म्हणायचो. बंदुका म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. खरं तर त्या क्लबइतकी शिस्त मी कुठल्याच ऑफिसात पाहिली नाही.

त्या वर्षांत नव्या पिस्तुलांचा सुळसुळाट झाला होता. हलकी, अर्धी प्लास्टिकची, पंधरा-सोळा गोळ्या बसणारी. नवे मेंबर त्यांच्यावर खूश. आणि तरी दर शुक्रवारी चार-पाच जण यायचे ते क्लबच्या कपाटात ठेवलेल्या आपल्या जुन्या, जड, सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरांसाठीच. एक लेबनीज दातांचा डॉक्टर होता, एक इंग्रज इंजिनियर होता, आणि एक अबू सालिम. साठीतले, तिथलेच, लहानपणी खाडीवर आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत वाढलेले, त्यामुळे हिंदी आपल्यासारखी बोलणारे. नवी पिस्तुलं त्यांना विकत घेता येत नव्हती असं थोडंच आहे? तरी त्यांना तेच जुनं लागायचं.

का, हे मला कळायचं. पिस्तुलात काय चाललंय ते दिसत नाही. गोळ्या मुठीच्या पोटात, रिकामी काडतुसं भलतीकडे उडणार, अडकलं तर का अडकलं ते शोधत बसा. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. खटका दाबला की चकरी, म्हणजे गोळ्या बसतात तो गोल भाग, कडेला बाहेर येते, आणि सहाच्या सहा घरं तुमच्यासमोर उघडी. भरलं आहे की रिकामं, एका नजरेत. मिटल्यावर घोडा हळू ओढला की चकरी एक घर फिरते, जागेवर बसते, आणि बसल्याचं बोटाला कळतं. ते कळणं — त्यासाठीच ही माणसं वाळवंटातून गाडी हाकत येत. अबू सालिम म्हणायचे, "रफिक, ये कुछ छुपाता नहीं." रफिक म्हणजे दोस्त, तिथे सगळ्यांनाच म्हणतात. मी मान हलवायचो. मलाही तेच आवडायचं.

फक्त एक आहे. चकरी ज्या छोट्या आडव्या हातावर बाहेर येते, तो हात नाजूक असतो. चकरी नेहमी दोन हातांनी मिटायची. एका हाताने रिव्हॉल्व्हर धरायचं, दुसऱ्या तळव्याने चकरी अलगद आत ढकलायची. सिनेमात हिरो मनगटाला झटका देऊन ती खाट्कन बंद करतो ना — तसं केलं की तो आडवा हात केसभर वाकतो. केसभरच. पण मग घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी निघताना कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. दत्तारामलाही हेच शिकवलं होतं.

दत्ताराम शिगवण. गुहागरकडचा. क्लबमध्ये बंदुका पुसायचं, नळ्या साफ करायचं काम त्याचं. राहायला जबल अलीच्या कामगारांच्या कॅम्पात, एका खोलीत आठ जण. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पण तो मला "तुम्ही" म्हणायचा आणि मी त्याला "तू". तेव्हा ते खटकलंही नाही. काम इतकं चोख, की मला मागून बघावं लागत नसे. साफसफाई झाली की वहीत सही करायचा नियम होता. बाकीचे इंग्रजीत करत, दत्ताराम मराठीत करायचा — द. गो. शिगवण, वर लांब रेघ ओढून.

अकरा वर्षं तो तिथे होता आणि अकरा वर्षांत त्याच्या बायकोने दुबई पाहिली नव्हती. कॅम्पात बायको कुठे ठेवणार? शेवटी माधवीनेच विषय काढला. आपली एक खोली महिनाभर देऊ, वहिनींना व्हिजिट व्हिसावर बोलवा. दत्ताराम आधी नाही-नाही म्हणाला, मग एकदा कबूल झाल्यावर माणूस बदलूनच गेला. कागद जमवायला लागला. बायकोला अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसवून खाडी पार करायची, बर दुबईच्या देवळात न्यायचं, असं सगळं ठरवून ठेवलेलं. माधवीने मीना बाजारातून नवी गादी आणली. मुलगी म्हणाली, "इज शी गोइंग टू स्लीप इन माय रूम?" आणि मग स्वतःच आपली खेळणी उचलून ठेवली.

बघा, अजून मुद्द्यावर आलो नाही मी.

माधवीचा भाऊ शेखर पुण्याहून बायकोला घेऊन आला होता. आलेल्या पाहुण्याला दुबई दाखवायची म्हणजे ठरलेली यादी — सोन्याचा बाजार, अब्रा, वाळवंट. शुक्रवारी दुपारी बायका साड्या बघायला गेल्या आणि शेखर म्हणाला, "भावोजी, तुमचं वर्कशॉप दाखवा की." पाहुण्यांना तिथे नेण्याची परवानगी नव्हती. मी नेलं. किल्ली माझ्याकडे असायची. अबू सालिम सकाळी येऊन गेले होते, दत्तारामने त्यांचं रिव्हॉल्व्हर साफ करून, सही करून कपाटात ठेवलं होतं. सगळ्यात देखणं तेच, म्हणून मी तेच काढलं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. लाकडी मूठ घासून घासून मधाच्या रंगाची झालेली.

चकरी उघडून रिकामी घरं दाखवली. बरंच काही सांगितलं — बोलायला मला काय लागतं? शेखर म्हणाला, "ते पिक्चरमध्ये झटका देऊन बंद करतात, तसं करा ना एकदा." मी हसलो. असं करत नाहीत म्हणालो. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला येत नाही."

आणि मी केलं. मनगटाचा एक झटका. खाट्. छान आवाज आला. शेखरने टाळी दिली.

पुण्यात शेखर मोठ्या कंपनीत मॅनेजर. माझ्या कामाला सासरी "हत्यारं पुसतो" म्हणायचे, हे मला ठाऊक होतं. हे सांगतोय ते सबब म्हणून नाही. झटका देताना डोक्यात काय होतं, एवढंच.

घोडा ओढून पाहिला तेव्हाच बोटाला कळलं. चकरी बसताना किंचित घासली. मला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी — पण तेच तर माझं काम होतं. अर्ध्या तासात ते सरळ करता आलं असतं. पण शेखर घड्याळ बघत होता, बायका मीना बाजारात ताटकळत होत्या. उद्या बघू म्हटलं आणि कपाटात ठेवून दिलं. वहीत मी लिहिलं नाही, कारण कागदोपत्री मी ते काढलेलंच नव्हतं ना! शनिवारी दुसरं काम निघालं. रविवारीही. विसरलो का? नाही, विसरलो नाही. रोज आठवायचं, आणि रोज दुसरं काम निघायचं.

पुढच्या शुक्रवारी अबू सालिमनी तिसरी गोळी झाडली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पुतण्याच्या मनगटातून रक्त आलं. जखम खरचटल्याएवढीच. शिशाचा बारीक तुकडा. पण रक्त ते रक्त. क्लबचा मॅनेजर इंग्रज, फौजेतून आलेला. त्याने रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. माझे हात नेहमीसारखे चालत होते. गेज लावला, चकरी फिरवली, म्हणालो — कुणीतरी झटका देऊन बंद केलं आहे.

कुणीतरी.

मग त्याने वही उघडली. शेवटची सही मराठीत. त्याला ती वाचता येईना. वही माझ्याकडे वळवून विचारलं, "हू साइन्ड धिस?" तिथे मराठी वाचणारा मी एकटा. आणि मी वाचून दाखवलं. दत्ताराम शिगवण.

त्या दिवशी मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. झटका दिला होता, खरं. सही दत्तारामची होती, खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि गप्प बसलो.

अबू सालिम वाईट माणूस नव्हते. वडिलांचं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन म्हणाले, "गलती हो गया, खलास. आदमी को मत निकालो." मॅनेजर म्हणाला, रक्त आलं आहे, नियम नियम आहे. माझी बोलायची जागा तीच होती. मी तेव्हा काय करत होतो? चिंधीने तेलाचा डाग पुसत होतो.

व्हिसा रद्द झाला. आठवड्यात परत जायचं ठरलं. बायकोचे कागद तसेच पडून राहिले. एअरपोर्टवर त्याला मीच सोडलं — माझ्याशिवाय कोण सोडणार? सगळ्यांना वाटलं, किती चांगला माणूस. गाडीत तो म्हणाला, "भाऊ, मी तर चकरी दोन हातांनीच लावली होती. तुम्हीच शिकवलंत तशी." पुढे म्हणाला, "पण काय सांगावं, हात तेलकट असतात, निसटलाही असंल. माझ्याच हातून झालं असंल. तुमचं नाव खराब केलं मी."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

हे शब्द मला तोंडपाठ आहेत. मी त्याला माफ केलं होतं, कळतंय ना तुम्हाला? मी त्याला.

घरी आलो तर माधवीने विचारलं, म्हणजे वहिनी आता येणार नाहीत? मी म्हणालो, दत्तारामने हलगर्जीपणा केला, काय करणार. ती म्हणाली, तो तसा वाटत नाही हो. गादी खालच्या मजल्यावरच्या बॅचलर मुलांना देऊन टाकली. दत्तारामची दोन पत्रं आली, खुशालीची. मी उत्तर दिलं नाही.

इथे थांबलो असतो तरी भित्रा ठरलो असतो, पण निदान इतपतच. मी इथे थांबलो नाही.

दत्तारामच्या जागी नवी माणसं आली, केरळची, फिलिपाइन्सची. त्यांना शिकवताना उदाहरण लागतं. पहिल्यांदा ते तोंडातून कसं गेलं, कळलं नाही — आमच्याकडे एक दत्ताराम होता, त्याने झटका दिला, कुणाचं तरी रक्त निघालं, नोकरी गेली. गोष्ट चटकन पटायची. म्हणून मी ती पुन्हा सांगितली. मग दर वेळी सांगितली, रंगवून सांगितली. मनगटाचा झटका हवेत करून दाखवायचो आणि माणसं हसायची. वर्षभरात क्लबमध्ये तो शब्दच रुळला. कुणी चकरी जोरात मिटली की रेंजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडा व्हायचा, "नो दत्ताराम!" मेंबरही म्हणायचे. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही तेही म्हणायचे. अबू सालिम मात्र कधी म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघायचे. त्यांना काही कळलं होतं का? मी विचारलं नाही, आणि हळूहळू त्यांच्या वेळेला मी दुसरीकडे काम काढू लागलो.

दोन हजार आठ साली मी नोकरी सोडून पुण्याला आलो. निरोपाच्या चहाला नवा मॅनेजर म्हणाला, इतक्या वर्षांत या माणसाच्या हातून एकही दत्ताराम झाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिथला एक जुना सहकारी अजून फोन करतो. मागे सहज म्हणाला, जुनी रिव्हॉल्व्हरं अजून येतात, शौकीन काही कमी होत नाहीत. आणि तो ओरडा? मीच विचारलं. तो हसला. म्हणाला, हो, अजून तोच.

माझं नाव अरविंद. दत्ताराम शिगवणने अकरा वर्षांत चकरी दर वेळी दोन हातांनी मिटली. एका हाताने मिटली ती मी.